साफ केलेली जागा म्हणजे तयार माती नव्हे
अभ्यासपाठ : परसबागेसाठी नव्या जमिनीची मशागत



मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडून आपण तुंगारेश्वरच्या डोंगराकडे वळलो की वारली, कातकरी आणि मल्हार कोळी बांधवांचे पाडे लागतात. दिवाळी झाली की या पाड्यांवरची बरीच घरे वीटभट्टीच्या कामाला बाहेर पडतात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि काही मुले. त्यांच्या ताटात भाताबरोबर थोडी हिरवी भाजी असावी, या हेतूने आपल्यापैकी अनेकांनी परसबागेसाठी देणग्या दिल्या आहेत. ती परसबाग जिथे सुरू होते, त्या मातीविषयी हा पाठ आहे. सुरुवात मात्र आमच्या एका चुकीपासून करते.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका पाड्यावर मे महिन्यात घरांमागच्या जागा साफ केल्या. झुडपे तोडली, गवत पेटवले, वरवर खणले. जूनच्या पहिल्या आठवड्यात बियाण्यांची पाकिटे वाटली, प्रार्थना केली, फोटो काढले. पंधरा दिवसांत भेंडी आणि गवार उगवली, सगळे आनंदले. मग पानांवर पिवळेपणा चढला. जुलैमध्ये दोन दिवस मुसळधार पाऊस झाला आणि उतारावरची माती रोपांसकट ओहोळात गेली. उरलेली झाडे वीतभरच राहिली.

बियाण्यांचे पैसे वाया गेले हे नुकसान लहान होते. मोठे नुकसान पुढच्या वर्षी कळले. आम्ही पुन्हा गेलो तेव्हा एक आजी म्हणाल्या, "ताई, आमच्या जमिनीत भाजी होत नाही. तुम्ही बघितलंच ना!" चूक आमच्या पद्धतीची होती, आणि तिचा दोष त्यांनी आपल्या जमिनीच्या माथी मारला होता. दुसऱ्याच्या घरी अर्धवट काम करून आलो की असे होते. म्हणून मशागत नीट शिकून घेणे हा आपल्या सेवेचाच भाग आहे.

शास्त्रपाठ

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात (ओवी ६ ते ९) फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दृष्टान्त आहे. मालक तीन वर्षे फळ शोधत येतो आणि शेवटी झाड तोडायला सांगतो. माळी मात्र आणखी एक वर्षाची मुदत मागतो. त्या वर्षात काय करणार हेही तो स्पष्ट सांगतो : झाडाभोवती खणीन आणि खत घालीन. हा दृष्टान्त आपण पश्चात्तापाच्या संदर्भात वाचतो आणि ते योग्यच आहे. पण त्या माळ्याचे बोलणे एखाद्या शेतकऱ्याच्या कानाने ऐकून पाहा. तो झाडाला नावे ठेवत नाही, नशिबालाही दोष देत नाही. मुळांपाशी जे काम राहून गेले आहे ते करू द्या, एवढेच तो मागतो. नव्या जमिनीसाठी आपल्यालाही हेच मागायचे आहे : एक पावसाळा, खणणे आणि खत.

पहिली पायरी : जागा आणि पाणी (नोव्हेंबर ते जानेवारी)

जागा कुटुंबाच्या हक्काची आहे ना, हे आधी पाहावे. घरामागची जागा असेल किंवा वनहक्क कायदा २००६ प्रमाणे मान्य झालेला प्लॉट असेल तरच काम सुरू करावे. हा कायदा १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेली जमीन मान्य करतो. त्याच्या नावावर आज नवे जंगल तोडता येत नाही. आपल्या बागेसाठी एकही मोठे झाड पडू नये. सफाई करायची ती गवताची आणि माजलेल्या झुडपांची.

त्यानंतर पाण्याचा हिशेब करावा. हिवाळ्यात भाजीच्या वाफ्याला एका चौरस मीटरला रोज साधारण चार लिटर पाणी लागते. एक गुंठा म्हणजे जवळजवळ शंभर चौरस मीटर, म्हणजे रोज चारशे लिटर. हंडा पंधरा लिटरचा धरला तर सव्वीस-सत्तावीस हंडे झाले. विहिरीवरून एवढे पाणी कोण आणणार? घरची बाई किंवा मुलगीच. पाव गुंठ्याला सहा-सात हंडे पुरतात, आणि त्यातले काही भांडी-अंघोळीचे सांडपाणी असू शकते. म्हणून पहिल्या वर्षी पाव गुंठाच घ्यावा, म्हणजे पाच मीटर लांब आणि पाच मीटर रुंद. मोठी बाग आखून घरातल्या मुलीची शाळा बुडवणे ही सेवा नव्हे.

याच काळात मातीचा नमुना घ्यावा. जागेत आठ-दहा ठिकाणी, वरचा पालापाचोळा बाजूला करून, वीतभर खोल इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा खड्डा करावा. त्याच्या कडेची बोटभर जाडीची माती खरवडून घ्यावी. सगळी माती एकत्र करून सावलीत वाळवावी, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत. अर्धा किलो उरेपर्यंत असे करून ती माती कापडी पिशवीत भरावी. बांधाजवळची, झाडाखालची किंवा उकिरड्याजवळची माती घेऊ नये. नमुना कुठे द्यायचा हे गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारावे. डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रातही मार्गदर्शन मिळते. २०१५ पासून शेतकऱ्यांना मृदा आरोग्य पत्रिका दिली जाते. तिच्यात सामू आणि सेंद्रिय कर्ब हे दोन आकडे आधी पाहावेत. भाजीला साधारण सहा ते साडेसात सामू मानवतो. सामू सहाच्या खाली आला तरच चुना घालावा, आणि तोही पत्रिकेतल्या शिफारशीप्रमाणे. अंदाजाने चुना टाकू नये.

दुसरी पायरी : सफाई (फेब्रुवारी ते एप्रिल)

हे दिवस बहुतेक उपवासकाळाचे असतात. कोयता लावण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या बाईला बरोबर घेऊन जागेवरून एक फेरी मारावी. आम्ही ती मारली नव्हती. आमच्या तरुणांनी उत्साहाने खणून जे कंद तण समजून फेकून दिले, ते शेवळाचे होते. पावसाच्या तोंडाशी जमिनीतून वर येणारी शेवळे ही पाड्यावरची वर्षातली पहिली रानभाजी. तिच्यामागून टाकळा, कुर्डू, कुलू, करटोली येतात, आणि यांतल्या कशालाही बियाण्याचा खर्च नाही. ज्या आजींचे बोलणे वर सांगितले, त्यांनीच ते कंद उचलून पदरात घेतले आणि कुंपणाकडेला पुन्हा पुरले. तेव्हापासून आमचा नियम ठरला आहे : जागेच्या कडेची एक पट्टी रानभाजीसाठी न खणता सोडायची, आणि ती कुठली हे घरच्या बाईने ठरवायचे.

आता काढायचे ते मुळासकट काढावे. टणटणी (हिला घाणेरी असेही म्हणतात) नुसती कोयत्याने कापली तर पावसात दुप्पट फुटते. तिचा बुंधा पहारीने उकरावा. हरळी आणि लव्हाळा यांना तर फावड्याचे घाव फायद्याचेच होतात, कारण मुळाच्या तुकड्यातून आणि गाठीतून नवे रोप उठते. कोरड्या दिवसांत माती कुदळीने उलथून ती मुळे आणि गाठी हाताने वेचाव्यात, उन्हात कडक वाळवाव्यात, आणि कंपोस्टच्या खड्ड्यात मुळीच टाकू नयेत.

जाळण्याविषयी जपून बोलावे लागते. आपले आदिवासी बांधव भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. गवत, पाला, शेण आणि माती यांचे थर देऊन रोपवाटिकेचा छोटा तुकडा भाजायचा, म्हणजे तणाचे बी मरते आणि राखेतून रोपांना पालाश मिळते. यामागे पिढ्यांचा अनुभव आहे, त्याला अडाणीपणा म्हणू नये. पण रोपवाटिका महिनाभराची असते, भाजीची बाग वर्षानुवर्षांची. पूर्ण जागा जाळली तर पाल्यातला कर्ब आणि नत्र धुरावाटे जातात. राख तेवढी राहते, आणि उतारावर तीही पहिल्या पावसात वाहून जाते. आमच्या बागेत पंधरा दिवस दिसलेली हिरवाई त्या राखेचीच होती. म्हणून तोडलेला पाला जाळण्याऐवजी खड्ड्यात घालावा. हातभर खोल खड्ड्यात वीतभर पाला, त्यावर शेणकाला, त्यावर मातीचा पातळ थर, असे थर देत जावे आणि अधूनमधून पाणी शिंपडावे. जाड फांद्या कुंपणाला आणि मांडवाला ठेवाव्यात.

तिसरी पायरी : बांध आणि खणणे (मे)

पालघर जिल्ह्यात पावसाळ्यात साधारण दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. म्हणजे हातरुमालासारख्या लहानशा एक मीटर चौकोनावर चार महिन्यांत दहा मोठी पिंपे पाणी ओतले जाते. उघडी, सैल केलेली माती या माऱ्यात टिकत नाही. म्हणून खणण्याआधी बांध घालावा.

समपातळी शोधायला यंत्र लागत नाही. सहा-सहा फुटांचे दोन बांबू वर बांधून 'ए' अक्षरासारखी चौकट करावी, मध्ये आडवी काठी बांधावी आणि वरून दोरीला दगड लोंबता सोडावा. चौकट उभी करून दोरी आडव्या काठीला जिथे लागते तिथे खूण करावी. मग दोन्ही पायांची अदलाबदल करून त्याच जागी चौकट उभी करावी आणि दुसरी खूण करावी. या दोन खुणांच्या मधोमध तिसरी खूण केली की चौकट तयार झाली. उतारावर दोरी या मधल्या खुणेवर आली म्हणजे दोन्ही पाय एका पातळीत आहेत. तिथे खुंट्या मारत जावे आणि त्या ओळीवर दगडमातीचा फूटभर उंच बांध घालावा. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांनाही हे अर्ध्या तासात जमते, आणि मुले तर खेळासारखे करतात.

खणताना एक गोष्ट लक्षात ठेवावी : वरची माती वरच राहिली पाहिजे. पाड्यांवरच्या वरकस जमिनीत चांगली माती अनेकदा वीतभरच असते आणि तिच्याखाली मुरूम लागतो. जोमाने खोल खणून मुरूम वर आणला आणि काळी-तांबडी माती खाली गाडली, तर काही वर्षांचे नुकसान होते. वरची माती एका बाजूला काढावी, खालचा मुरूम टिकावाने जागच्या जागी सैल करावा, त्यावर खड्ड्यातला पाला घालावा आणि वरची माती पुन्हा वर पसरावी. ढेकळे मे महिन्याच्या उन्हात तापू द्यावीत. शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर यांचा सण १५ मे रोजी येतो. त्या दिवसापर्यंत बांध आणि खणणे पुरे झाले तर पावसाआधी श्वास घ्यायला वेळ मिळतो.

चौथी पायरी : पहिला पावसाळा मातीला द्यावा (जून ते ऑगस्ट)

आमचे चुकले ते इथे. नव्या जमिनीत अर्धवट कुजलेले गवत आणि मुळे असतात. ती कुजवणारे सूक्ष्म जीव मातीतला नत्र स्वतःसाठी उचलतात आणि रोपे उपाशी राहतात. पाने पिवळी पडतात ती यामुळे. अशा वेळी मूठभर युरिया टाकला तर पान हिरवे दिसते, पण पुढच्या जोरदार पावसात तो निघून जातो आणि कुटुंब दुकानाशी बांधले जाते.

म्हणून पहिल्या पावसावर वाफ्यात ताग किंवा धैंचा पेरावा. पाव गुंठ्याला दीडशे ग्रॅम बी पुरते. ही पिके मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र साठवतात, त्यांची मुळे माती धरून ठेवतात आणि दाट पानांमुळे तण दबते. सहा-सात आठवड्यांनी कळ्या धरू लागल्या की ती कापून, बारीक करून, वीतभर खोलीपर्यंत मातीत मिसळावीत. त्यानंतर दोन-तीन आठवडे थांबावे.

तोपर्यंत घरात भाजी नको का? नक्कीच हवी. जागेच्या कडेला दीड फूट लांब, रुंद आणि खोल असे चार-पाच खड्डे घ्यावेत. त्यांत माती, मुरलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड भरून, पाणी साचणार नाही असा थोडा उंचवटा करावा आणि दुधी, शिराळी, काकडी, पडवळ लावून मांडवावर चढवावेत. सगळी जमीन एका पावसाळ्यात तयार होत नाही, पण पाच खड्डे एका दिवसात होतात. अशा रीतीने मातीही विश्रांती घेते आणि ताटही रिकामे राहत नाही.

पाचवी पायरी : वाफे आणि पेरणी (सप्टेंबर-ऑक्टोबर)

गाडलेला ताग कुजून मातीला पावसानंतर येतो तसा वास आला की वाफे करावेत. रुंदी एक मीटर ठेवावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. पाऊस असेपर्यंत वाफा वीतभर उंच ठेवावा. चौरस मीटरला दोन ते अडीच किलो शेणखत, म्हणजे पाव गुंठ्याला तीन-चार पाट्या. खत पूर्ण मुरलेले असावे : हाताला थंड लागते, मातीचा वास येतो, आत काडी ओळखू येत नाही. ताज्या शेणाने हुमणी आणि वाळवी यांना आमंत्रण मिळते.

पहिल्या वर्षी वाल, चवळी, मुळा, माठ, मेथी घ्यावी. वांगी आणि मिरचीची थोडी रोपे लावावीत. वाल तर आपल्या कोकणपट्टीत भातानंतरच्या ओलीवर येतो. वाफ्यावर वाळल्या गवताचा किंवा भाताच्या पेंढ्याचा तीन-चार बोटे थर द्यावा, म्हणजे ओल टिकते आणि दोन हंडे वाचतात. दिवाळीनंतर घर सोडून जाणारे जातील. पाव गुंठ्याची बाग कोणाचे स्थलांतर थांबवील, असे मी म्हणणार नाही. पण मागे राहणाऱ्या आजीला आणि नातवंडांना तोडायला काहीतरी असेल.

त्या पाड्यावर दुसऱ्या खेपेला तीनच घरे तयार झाली. त्यांत ती आजी होत्या. त्यांनी आमच्यावर विश्वास ठेवला असे नाही, शेवळांची पट्टी राखायची म्हणून त्या लक्ष ठेवून होत्या. जानेवारीत त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी मला वालाच्या शेंगांचा एक वाटा बांधून दिला. आमच्या जमिनीत भाजी होत नाही, हे वाक्य त्यांनी पुन्हा उच्चारले नाही. मीही आठवण करून दिली नाही.

आपल्यासाठी बोध

वसईच्या पश्चिमेला आपल्यापैकी अनेकांच्या केळीच्या, फुलांच्या, पानवेलीच्या वाड्या होत्या, काहींच्या अजून आहेत. तिथली भुसभुशीत माती आपल्या आजोबा-पणजोबांनी पेंड, शेणखत आणि सुक्या मासळीचे खत घालून वर्षानुवर्षे घडवली. त्यांना पहिल्याच वर्षी कोणी फोटो मागितला नव्हता. आपण देणगी देतो तेव्हा मात्र ऑगस्टमध्ये हिरवी बाग पाहायची आपल्याला घाई असते, आणि ती घाई कार्यकर्त्यांपर्यंत पोहोचते. आम्ही जूनमध्ये बियाणे वाटले त्यामागे हेही एक कारण होते, हे मी प्रांजळपणे कबूल करते.

म्हणून विनंती अशी : या कामासाठी देताना आधी कुदळ, पहार, शेणखत आणि तागाचे बी यांसाठी द्या. भाजीच्या बियाण्याचे पैसे सप्टेंबरसाठी राखून ठेवा. ज्यांना शक्य आहे त्यांनी उपवासकाळातील एक शनिवार खणायला यावे. त्या दिवशी दाखवण्यासारखे काही नसेल, उकरलेली मुळे आणि हाताला आलेले फोड तेवढे असतील.

मनन व चर्चेसाठी

१. अंजिराच्या दृष्टान्तातील माळ्याने दोन कामे सांगितली. आपल्या धर्मग्रामातील कोणत्या सेवेत आपण ही कामे न करताच फळ शोधत आहोत?

२. आपण केलेल्या चुकीचा दोष दुसऱ्याने स्वतःवर घेतला, असे कधी घडले आहे का? ते दुरुस्त करण्यासाठी आपण काय केले?

३. शेवळाचे कंद आम्हाला तण वाटले. ज्यांची सेवा करतो त्यांच्याकडून शिकण्यासाठी आपल्या गटाने कोणती सवय लावून घ्यावी?

४. आपल्या स्वतःच्या परसात किंवा सोसायटीत पाव गुंठा नाही, तरी दोन चौरस मीटर जागा निघते का? या तिमाहीत तिथे निदान पाला न जाळता मुरवण्यास सुरुवात करा, आणि पुढच्या भेटीत त्या मातीची मूठ बरोबर आणा.